विहीणबाईंना तोरुन दाखवलं तो दिवस

माझ्या बायकोला, लुत्सिनाला, झोपेतून उठवून सांगा की तोरुन शहर दाखव, ती चपला घालता घालता बोलायला लागेल. अडतीस वर्षं गाईड आहे ती इथली. माणसांकडे तोंड करून उलटी चालते, पिवळी छत्री उंच धरते आणि त्या खडबडीत दगडी रस्त्यांवर एकदाही अडखळत नाही. मी जन्मभर रुळावरची ट्राम चालवली, पुढे बघून, तरी दिवसाला दोनदा शिव्या खायचो.

तर या बाईच्या पोटी आलेली आमची एकुलती एक दागमारा बिद्गोश्चच्या पोराच्या प्रेमात पडली. कप्पाळ! बिद्गोश्च पन्नास किलोमीटरवर, आणि त्या गावाची नि आमची कशावरूनही जुंपते. पोरगा, ब्वाझेय, सोन्यासारखा आहे, त्याबद्दल ब्र काढणार नाही मी. पण लग्न कुठे? रीत म्हणजे मुलीच्या चर्चमध्ये. आणि मुलाची आई ऊर्सुलाबाई अडून बसलेल्या, लग्न बिद्गोश्चलाच. बाई विधवा, तीस वर्षं घरोघर टपाल वाटलेली. दागमारा वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघी आया ठरवा. तोवर मी तारीख धरत नाही."

"एक दिवस दे मला त्यांचा," लुत्सिना मला म्हणाली. "सकाळी येऊ देत. संध्याकाळच्या गाडीत बसायच्या आत स्वतःच्या तोंडाने म्हणतील, लग्न इथेच करू."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"झेनेक, माझ्यासोबत फिरून नाही कोण म्हणालंय आजवर?"

मे महिन्यातल्या शनिवारी ऊर्सुलाबाई पाच ट्युलिप घेऊन गाडीतून उतरल्या. फुलं मी धरायची, पाण्याची बाटली मी धरायची, आणि लुत्सिनाने छत्री उघडली. एका माणसासाठी छत्री! मी म्हटलं, "अगं, त्या हरवणार नाहीत." ऐकते कशाची.

नगरभवनाच्या मनोऱ्यावर चढलो. वरून विस्वा नदी, लाल छपरं, सगळं कसं झकास दिसत होतं. लुत्सिना सनावळ्या सांगत होती, कुठली भिंत कुणी बांधली, कुणी पाडली. ऊर्सुलाबाईंनी शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. आमच्याकडे ऑपेराहाउस आहे."

"ऑपेरा काय, गेल्या शतकातला! आमच्या विटा सातशे वर्षांच्या आहेत."

"दिसतंय. डागडुजी करायला हवी."

मी हसू दाबायला नदीकडे तोंड केलं. खाली उतरताना बाई म्हणाल्या, "विहीणबाई, मला एक विचारायचं होतं."

"प्रश्न शेवटी!" लुत्सिना म्हणाली. प्रत्येक घोळक्याला ती हेच सांगते, नाहीतर दुपारपर्यंत अर्धं शहरसुद्धा होत नाही.

मग सेंट याकुबचं चर्च. दागमाराचा बाप्तिस्मा इथलाच. लुत्सिनाने मधल्या वाटेवर उभं राहून दाखवलं, "इथून चालत येईल पोरगी, आणि त्या खिडकीतलं ऊन बरोब्बर तिच्या अंगावर पडेल." हे घोळक्यांना सांगते तसलं नव्हतं, मी ओळखतो. ऊर्सुलाबाईंनी कोटाची बटणं लावली. "आत फार गार आहे," एवढंच म्हणाल्या.

लुत्सिनाचे कान लाल झाले. तिला वाटत होतं बाई दमतील आणि मऊ पडतील. अहो, तीस वर्षं टपालाची पिशवी वाहिलेली बाई ती! दमलो मी. दुपारी स्वस्त खानावळीत पिएरोग्यांवर, म्हणजे बटाटा-चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्यांवर, मी तुटून पडलो, आणि लुत्सिना रांगेतसुद्धा बोलत होती. बाईंनी चमचा खाली ठेवून पुन्हा तोंड उघडलं, तर हिचं आपलं तेच, "शेवटी, शेवटी!"

शेवट म्हणजे कलता बुरूज. आमच्याकडे सगळे करतात ते इथे: टाचा भिंतीला लावायच्या, पाठ टेकवायची, हात समोर लांब करायचे. टिकला तो निष्पाप, पडला तो पापी. लुत्सिना म्हणाली, "चला, उभ्या राहा."

"आधी तुम्ही."

"मी? मी गाईड आहे."

"म्हणजे अडतीस वर्षांत एकदाही नाही?"

चार माणसं थांबून बघायला लागली. लुत्सिनाने छत्री माझ्या काखेत कोंबली, टाचा लावल्या, हात पसरले आणि दुसऱ्याच क्षणी पुढे कोसळली, थेट ऊर्सुलाबाईंच्या अंगावर. बाईंनी तिला घट्ट धरलं आणि लगेच सोडलं नाही.

"काय हो पाप केलंत?"

"बोलले," लुत्सिना धापा टाकत म्हणाली. "दिवसभर."

"मग आता शेवट झाला का? विचारू?"

आम्ही बाकावर बसलो. ऊर्सुलाबाई हातातल्या रुमालाकडे बघत बोलल्या. "ब्वाझेयचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. दर रविवारी आम्ही दोघं कबरीवर जातो, मग घरी येऊन सूप घेतो. लग्न इथे झालं की पोरगा इथलाच होईल, असं मनानं घेतलंय माझ्या. मग रविवारी मी घरात कुणासाठी चूल पेटवू? एवढंच विचारायचं होतं. चर्च तुमचं सुंदर आहे हो. मला काय दिसत नाही?"

लुत्सिनाने बाईंचा हात हातात घेतला नि म्हणाली, "लग्न बिद्गोश्चला करू."

"काय?" मी ओरडलोच. चर्चमधली ती खिडकी माझ्याही डोळ्यांपुढे होती.

"तू थांब, झेनेक. पण ऐका ऊर्सुलाबाई, पोरगी निघेल माझ्या घरातून. दोघांना गुडघ्यावर बसवून आशीर्वाद आमच्या बैठकीत द्यायचा, आणि तुम्ही आदल्या दिवशीच मुक्कामाला यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी कबरीवर सगळे जाऊ. सूप पाच जणांचं करा."

ऊर्सुलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पाच जणांचं पातेलं नाही माझ्याकडे," शेवटी त्या म्हणाल्या. "मोठं होतं ते देऊन टाकलं. हे गेल्यावर."

"मग आमचं घेऊन येतो," मीच म्हणालो. "जड आहे, पण गाडीत मी धरीन."