सहा मिनिटं बावन्न सेकंद

कलाबाईचा राग कॉलेजात सगळ्यांना माहीत होता. नळ उघडा सोडून जाणाऱ्या प्राध्यापकाला ती पोराटोरांसमोर सुनावायची, तिथं इतरांची काय कथा. शिक्षण सातवी. नवरा याच कॉलेजात शिपाई होता, तो गेला आणि त्याच्या जागी ही आली. घाटाखालच्या त्या गावात कॉलेजचं वादविवाद मंडळ होतं, आणि एकोणीस वर्षं त्या मंडळाची घंटा कलाबाईच्या हातात होती.

ते काम तिच्याकडे आलं तेही रागातूनच. पहिल्या वर्षी वेळ बघायला बसवलेले सर डुलक्या घेत होते. एका पोरीला चौथ्याच मिनिटाला घंटा वाजली, एका पोराला वाजलीच नाही. पाण्याचा जग घेऊन उभ्या असलेल्या कलाबाईनं सरांच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. "झोपाचं तं घरी झोपा," म्हणाली. तेव्हापासून खेळाच्या खोलीतलं स्टॉपवॉच, पितळी घंटा आणि वेळेचा कागद तिचा. पाचव्या मिनिटाला एक टोला, सहाव्याला दोन. त्यापुढे दर दहा सेकंदाला एक गुण कापायचा.

ऐकून ऐकून तिच्या अंगात ते भिनलं. घोकून आलेला कोण आणि विचार करून आलेला कोण, हे तिला दुसऱ्या वाक्याला कळे. समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं आणि मग खोडायचं, नुसता आवाज चढवून काही होत नसतं, हे ती बचत गटाच्या बायकांनाही बजावायची. रेशन दुकानदाराशी भांडताना तर "तुमचा पहिला मुद्दा" म्हणूनच सुरुवात करायची. दुकानदार तिथंच गार पडायचा.

यंदाच्या निवड फेरीचा विषय होता, ग्रामपंचायतीच्या निवडणुका बिनविरोध व्हाव्यात. बाजूनं एक आणि विरोधात एक, असे दोनच जण बुलढाण्याच्या जिल्हा स्पर्धेला जाणार. विरोधात बोलणाऱ्यांत चुरस दोघांची. एक वडनेर भोलजीहून बसनं येणारी प्रेरणा. दुसरा ज्ञानेश्वर, संस्थेचे अध्यक्ष महादेवराव यांचा नातू.

प्रेरणाचं मागल्या वर्षीचं कलाबाई विसरली नव्हती. बारा सेकंद जास्त बोलली पोरगी. कलाबाईनं तेच लिहिलं, एक गुण गेला आणि अर्ध्या गुणानं नंबर हुकला. पोरगी हमसून हमसून रडली. कलाबाईच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला नाही, पण कागद तिनं बदलला नाही. मग वर्षभर प्रेरणा रिकाम्या तासाला यायची आणि म्हणायची, "मावशी, घड्याळ लावा." बोलायची, चुकायची, पुन्हा बोलायची.

यंदा ती पाच मिनिटं पन्नास सेकंदांत थांबली. "आमच्या गावात सरपंच बिनविरोध आले," ती म्हणाली, "आणि मुलींच्या शाळेचं स्वच्छतागृहही बिनविरोधच बंद पडलं." पोरांनी बाकं वाजवली.

ज्ञानेश्वरचं भाषण कोणीतरी लिहून दिलेलं. चांगलं होतं, पण लांबलचक. दोन टोले पडले तरी गडी थांबेना, पाठ केलेलं मधेच सोडणार कसं? कलाबाईनं निळ्या पेनानं लिहिलं, ६:५२.

परीक्षक वंदना मॅडम बाहेरगावच्या होत्या. त्यांच्या कागदावर ज्ञानेश्वर तीन गुणांनी पुढे होता. वेळेचे पाच गुण कापले की प्रेरणा दोनांनी पुढे. पहिलीतल्या पोराला जमावी अशी वजाबाकी.

ती करायची होती मंडळाचे प्रमुख अश्वजित सरांनी. आणि हे सर कोण, तर याच कॉलेजचे, याच व्यासपीठावर घडलेले. नऊ वर्षांपूर्वी हा पोरगा बोलायला उभा राहिला की कलाबाईला घड्याळाकडे बघायचं भान राहत नसे. जिल्ह्याचा फिरता चषक त्यानं दोनदा आणला होता. आता तो तासिका तत्त्वावर शिकवत होता, दर वर्षी नव्यानं नेमणूक. महादेवराव पहिल्या रांगेत बसले होते. ते काही बोलले नव्हते, त्यांनी सरांकडे नुसतं वळून पाहिलं होतं.

अश्वजित सर कागद घ्यायला आले आणि वाकून म्हणाले, "मावशी, पाचाचं शून्य करा. सहा-दोन. कोनाले समजत नाही."

"काऊन?"

"समजून घ्या ना."

"मांगच्या साली त्या पोरीचे बारा सेकंद म्या लिहले, तवा तूच म्हनलास, मावशी, नियम सगळ्याइले सारखा. आता काऊन सारखा नाही रे?"

सरांनी कागद ओढून घेतला, स्वतःच्या पेनानं पाचाचं शून्य केलं आणि माईककडे गेले.

ज्ञानेश्वरचं नाव जाहीर झालं. टाळ्या पडल्या, पहिल्या रांगेत जरा जास्तच. प्रेरणा या वेळी रडली नाही. सरळ टेबलापाशी आली. "मावशी, मी पुन्हा जास्त बोलले का?"

इथं मात्र कलाबाईचं डोकं फिरलं. अरे, पोरीला फसवलं ते फसवलं, आणि वर तिलाच वाटावं की चूक आपली? ती तरातरा व्यासपीठावर चढली. एकोणीस वर्षांत त्या माईकला तिनं फक्त फडकं मारलं होतं.

"अध्यक्ष महोदय, परीक्षक मॅडम," ती म्हणाली. "प्रेरणा पाच-पन्नास. ज्ञानेश्वर सहा-बावन्न. कागदावर पाचाचं शून्य झालं आहे. माह्या पेनाची शाई निळी, शून्याची काळी. माहं बोलनं सरलं."

महादेवराव उठले. "सर, ही बाई काय म्हणते? खरं काय ते तुम्हीच सांगा."

सगळी पोरं अश्वजित सरांकडे बघायला लागली. विरोधात उभं कसं राहायचं हे त्यांनीच तर शिकवलं होतं. आणि जिल्हा गाजवलेल्या त्या माणसाच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. कलाबाईला त्याची कीव नाही आली, संताप आला. जाळायचंय का असलं बोलणं, जे फक्त चषक आणण्यापुरतं येतं?

वंदना मॅडमनी कागद मागून घेतला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि निकाल स्वतः फिरवला. बुलढाण्याला प्रेरणा जाणार. महादेवराव चहा न घेताच निघून गेले.

हॉल रिकामा झाला तेव्हा कलाबाई झाडत होती. अश्वजित सर दारात येऊन उभे राहिले.

"मावशी, नोकरीचा सवाल होता. घरी लहान लेकरू आहे."

कलाबाईनं झाडणं थांबवलं. "मी बी मानधनावरच आहो, बाबू," ती म्हणाली. "दर जूनले माह्या नेमणुकीच्या कागदावर महादेवरावच सही करतात."