रावजीच्या कार्डातले सोळा डॉलर

सिंगापूरहून परत आलेला माणूस कसा दिसावा, याची सणसर गावातल्या लोकांच्या मनात एक ठरलेली कल्पना होती आणि रावजी त्या कल्पनेत कुठंच बसत नव्हता. डोळ्यांवर काळा चष्मा नाही, मनगटावर चकाकतं घड्याळ नाही, बोलताना मधेच इंग्रजी नाही. सत्त्याण्णव साली दिवाळीच्या तोंडावर तो फाट्यावर एसटीतून उतरला, तेव्हा बॅग धरायला गेलेल्या चुलत्यानं त्याच्या मागं बघितलं; सिंगापूरवाला अजून उतरायचाय की काय म्हणून.

जहाजं बांधायच्या यार्डात दोन वर्षं वेल्डिंग करून आलेला हा गडी. त्याआधी बारामतीत उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये होता. तिथनं एका एजंटानं त्याला हेरलं, मुंबईला नेऊन लोखंडाच्या तुकड्यावर वेल्डिंग करून दाखवायला लावलं आणि विमानात बसवलं. परत आल्यावर लोक हौसेनं विचारायला यायचे, "काय रावजी, कसं काय सिंगापूर?"

"बरं हाय," रावजी म्हणायचा. संपलं. लोक चहा पिऊन, तोंड पाडून उठायचे.

ही कसर त्याचे वडील आप्पासाहेब भरून काढत. तरुणपणी मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणापर्यंत पायी गेलेला माणूस. पुढं मेंढरं विकली, पाटाच्या पाण्यावर ऊस केला, पण मुक्कामाला टेकल्यावर गप्पा छाटायची सवय गेली नाही. त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात सिंगापूरचं कार्ड असे. पत्त्याच्या पानाएवढं, पातळ, पाठीवर काळी पट्टी. रावजीच्या बॅगेतून निघालेल्या सगळ्या वस्तूंत आप्पांना तेवढी एकच पसंत पडली होती.

"ह्ये रेल्वेला चालतंय, ह्येच बशीला," ते पारावर सांगत. "कंडक्टर न्हाय, तिकीट न्हाय, सुट्ट्या पैशाची किरकिर न्हाय. पैसं संपलं की मशिनीत घालायचं, वरनं पैसं भरायचं, कार्ड पुन्हा ताजं. आन आमच्या रावजीच्या कार्डात अजून सोळा डॉलर शिल्लक हायत. आपलं चारशे रुपयं!"

"मग ते हितं कुठं चालवायचं आप्पा? भवानीनगरच्या गाडीत?"

"तितंच चालतंय ते. म्हणून तर परत जायाचंय त्याला."

गोम होती ती इथंच. एजंटाकडं त्याच यार्डात एक जागा निघाली होती. गेलेला माणूस पुन्हा गेला तर त्याला शिकवावं लागत नाही, म्हणून त्यानं पहिलं नाव रावजीचं धरलं होतं. गुरुवारी मी स्वतः येतो आणि होय-नाही ऐकून जातो, असा त्याचा निरोप होता. सिंगापूरच्या पैशातनं घराच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडलेला, दोन तशाच उघड्या. आप्पांनी होय धरूनच टाकलं होतं. रावजीला जायचं नव्हतं. पण नाही म्हटलं की लोक 'का' विचारतात, आणि 'का' सांगायचं तर पार मुळापासून सांगावं लागणार. एवढं बोलायचा जोर कुठनं आणायचा? म्हणून तो गप्प होता, आणि त्याच्या गप्प बसण्याला घरात होकार समजत होते.

बुधवारी दुपारी जळोचीचा मकसूद लुना उडवत आला. वर्कशॉपमधला रावजीचा जुना जोडीदार. वयानं लहान, हातानं पक्का, तोंडानं त्याहून पक्का.

"रावजीभाऊ, सरळ विचारतो," लुना स्टँडवर लावायच्या आत त्यानं सुरुवात केली. "तुम्ही जाणार असाल तर आपलं काही म्हणणं न्हाय. पण जाणार नसाल तर एजंटाच्या कानावर माझं नाव घाला. माझी बायको जरिना म्हणती, बारामतीत दुसऱ्याच्या शेडखाली किती दिवस राबायचं. स्वतःचं शेड टाकायचंय."

"त्योच जाणार हाय," आप्पांनी ओट्यावरनं निकाल दिला.

मकसूदनं रावजीकडं पाहिलं. रावजी चपलेच्या अंगठ्याकडं पाहत होता.

"बरं, मग ते कार्ड कसं चालवायचं तेवढं तरी दाखवा. पुढंमागं लागंल."

आप्पा खुलले. कार्ड बघायला माणूस जळोचीहून आला होता! त्यांनी ते धोतराच्या सोग्याला पुसलं आणि रावजीच्या हातात दिलं. "दाव त्याला. नीट दाव."

रावजी कसाबसा उठला. दाखवायचं तर फाटक हवं. गोठ्याचं लोखंडी फाटक होतं, त्यानंच पूर्वी वेल्डिंग केलेलं. आत त्याची बायको मनिषा शेण भरत होती.

"ह्ये स्टेशन," रावजी म्हणाला. "ह्यो आडवा दांडा. आन ही मशीन."

"मशीन कोण, मी?" मनिषानं पाटी खाली ठेवली. "एवढंच राहिलं हुतं."

मशिनीनं हात धुतले आणि फाटकापाशी उभी राहिली. मकसूदनं रावजीकडनं कार्ड घेऊन ऐटीत तिच्या हातात दिलं, तिनं फाटक ढकललं, तो आत गेला आणि थेट म्हशीपर्यंत पोचला.

"ओ भावजी! कार्ड कोण न्हेणार? मशीन काय तुमच्या मागं पळत येणार हाय व्हय?"

"परत देती?"

"देतीच की," रावजी म्हणाला. "इकडनं घातलं की तिकडनं वर येतंय. उचलायचं आन सांभाळायचं. उतरल्यावर बाहेर पडताना पुन्हा घालायचं. तवा पैसं कापतंय. जितकं लांब उतरशील तितकं जास्त."

"आत येताना दिलं, बाहेर जाताना पुन्हा कशाला?" आप्पांना हा प्रकार आजच कळत होता. पारावर त्यांनी हा भाग कधी सांगितलेला नव्हता. "सरा, मला बघू द्या." त्यांनी कार्ड घेतलं, मकसूदला दंडाला धरलं आणि मनिषापुढं कार्ड नाचवत कंडक्टरला सांगावं तसं म्हणाले, "दोन!"

मनिषानं फाटक एवढंसं उघडलं. आप्पा आत गेले. मागं मकसूद घुसायला लागला तसं तिनं फाटक लावून घेतलं.

"एका कार्डावर एकच माणूस. मला ह्यांनी फोनवर सांगितलं हुतं."

"अगं, पैसं हायत की त्यात! सोळा डॉलर! त्याचं मी देतोय तर तुझं काय जातंय?"

रावजी पहिल्यांदा हसला. फार नाही, पण हसला.

"आप्पा, मीबी ह्येच केलं," तो म्हणाला आणि फाटकाला टेकून बसला.

पहिल्या रविवारची गोष्ट. नगरकडचा दादासाहेब नावाचा एक फिटर त्याच्याबरोबर होता. रविवारी आपली माणसं जिथं जमतात, तो भाग त्याला ठाऊक होता. रावजीनं मोठ्या मनानं म्हटलं, तू वाट दाखव, तिकीट माझ्याकडं. कार्ड घेतलं, त्यात पैसे भरले, स्वतः आत गेला आणि दांड्यावरनं कार्ड दादासाहेबाच्या हातात दिलं. त्यानं घातलं तर दांडा हलेना. लाल दिवा लागला. मशिनीच्या लेखी ते कार्ड आधीच आत गेलेलं होतं. आत गेलेला माणूस पुन्हा आत कसा जाईल? मागं रांग तुंबली. दादासाहेबानं घाबरून कार्ड परत फेकलं आणि 'तू हो पुढं' म्हणून हात केला. पैसे आत, वाट बाहेर.

"मग?" मकसूदनं विचारलं.

"मग काय. गाडी आली, बसलो. कुठं उतरायचं ते म्हाईत न्हाय. पाट्या वाचाव्या तर एकाचबी नावाचा आपल्याशी संबंध न्हाय. वरनं गार हवा, बसायला जागा. कोण बोलंना, कोण ढकलंना. मला झोप लागली."

"आन उतरला कुठं?"

"शेवटच्या स्टेशनावर गाडी रिकामी झाली तवा जागा झालो. समोरची गाडी पकडली, पुन्हा झोपलो. तिथं गेल्यापासनं पहिल्यांदा नीट झोपलो, आप्पा."

यार्डातली राहायची जागा म्हणजे पत्र्याचे डबे. एकावर एक तीन बाजा. रात्रपाळीचा खालचा माणूस उठायच्या वेळी दिवसपाळीचा वरचा यायचा. दिवा कधी मालवायचा नाही. कुणी भाजी फोडणीला टाकतंय, कुणी घरच्या आठवणीनं रडतंय, आणि बाहेर चोवीस तास लोखंडावर लोखंड. डोळे मिटले तरी आत वेल्डिंगच्या ठिणग्या. दोन वर्षांत ज्याला झोप म्हणावी अशी झोप रावजीला तिथं एकच जागा देत होती, ती गाडी.

"दुसऱ्या रविवारी दादासाहेबानं स्वतःचं कार्ड घेतलं. म्हणला, चल. मी म्हणलं, तू जा. मी त्याच गाडीत बसलो. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. लई येळ आत राहिलं तर दंड असतोय, म्हणून मधी फिरून जवळच्याच स्टेशनावर बाहेर पडायचं, पाणी प्यायचं, पुन्हा आत. परत येताना यार्डाच्या अलीकडच्या स्टेशनावर उतरायचं आन चालत जायचं. मशिनीला वाटायचं, गडी एकच स्टेशन गेला. कापायचं थोडंसंच."

मनिषानं पाटीतलं शेण उगाच दाबलं.

"फोनवर तर म्हणायचात, लई फिरलो म्हणून."

"फिरलोच की. बसून."

"समुद्र बघितला म्हणाला व्हतात."

"खिडकीतनं एक डाव दिसला. का स्वप्नात, आता ध्यानात न्हाय."

आप्पांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. गेले चार महिने गावभर ज्या शिल्लकीची मिजास मिरवली ती कुठनं आली, हे त्यांना हळूहळू उमगत होतं. पोरगं कुठं उतरलंच नव्हतं, म्हणून सोळा डॉलर उरले होते. मेंढरामागं चालून थकल्यावर काठीवर हनुवटी टेकवून उभ्या उभ्या डुलकी काढणारी माणसं आप्पांनी पाहिली होती. स्वतःही काढली होती. ते दिवस त्यांनी पारावर कधी कुणाला सांगितले नव्हते; तिथं ते घाटातला वाघ सांगत.

"निघताना ह्ये मोडून पैसं मिळत न्हवतं व्हय?" त्यांनी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं म्हणून.

"मिळत्यात. पण कंपनीच्या गाडीनं थेट विमानाला सोडलं. आन खरं सांगू का आप्पा, मोडायला मशिनीपुढं हुबं राहायचाबी कट्टाळा आला हुता."

"मला न्हाय जायचं," हे वाक्य त्यानंतर रावजी म्हणाला की नाही, यावर घरात पुढं मतभेद राहिले. मनिषाच्या मते म्हणाला. मकसूदच्या मते म्हणायची गरजच पडली नाही. आप्पांनी कार्ड मकसूदच्या खिशात कोंबलं आणि दरडावून सांगितलं, "घे. आन उतरत जा रं, मर्दा. नुसता बसून राहू नगंस."

"उतरंन की, आप्पा. प्रत्येक स्टेशनावर उतरंन. सोळा डॉलर पुरत्यात का बघा."

"न्हाय पुरलं तर भर वरनं! तेवढं तर शिकलास न्हवं आज?"

गुरुवारी एजंट मोटरसायकलवर आला. ऊन चढलं होतं. आप्पासाहेब ओट्यावर बसले होते, आणि स्लॅब पडलेल्या खोलीचं दार आतून नाही, बाहेरून लोटलेलं होतं.

"रावजी कुठंय?"

"सिंगापूरला."

एजंटाचा चेहरा उतरला. "आं? कुणाकडनं गेला? मला न सांगता?"

"हळू बोला," आप्पा म्हणाले. "बाजेवर पडल्या पडल्या गेलाय. लई लांबचा पल्ला हाय, आत्ताशी निम्म्यात आला आसंल. तुमाला माणूस पायजे न्हवं का? त्यो जळोचीत हाय, मकसूद म्हणून. चला, घर दावतो. आन गाडी गोठ्याच्या फाटकापतूर ढकलत न्या, हितं चालू करू नका."