हाक ऐकू येणारे हेडफोन

हेडफोनची पारख मला नवी पेठेतल्या दुकानात एका अनोळखी बाईंनी शिकवली. साडीवर कंपनीचा एप्रन तसाच होता. चिंचोळी एमआयडीसीतली शिफ्ट संपवून त्या थेट आल्या असाव्यात. लेकासाठी गाण्याला नि गेमला चालणारे, पण परवडणारे हेडफोन हवे होते. दुकानदार बेस समजावू लागला, तर त्यांनी महागातले उचलून सरळ शेजारी हेडफोन बघत उभ्या असलेल्या माझ्याच डोक्यावर चढवले.

“दादा, जरा हितं बसा.”

गाणं मोठ्यानं लावायला सांगून त्या पायरी उतरून रस्त्यावर गेल्या. त्यांचे ओठ हलताना दिसले, ऐकू मात्र काहीच आलं नाही. मग परत येऊन त्यांनी स्वस्तातले चढवले नि पुन्हा रस्त्यावर गेल्या. या खेपेला गाण्यातूनही आरोळी पोचली, “जेवायला ये की रं!”

मी नकळत ओरडलो, “आलो!” सगळं दुकान हसलं.

“हेच द्या,” त्या म्हणाल्या. “त्या महागड्यात पोरगं घरात असून नसल्यासारखंच की!”

मी मात्र त्यांनी नाकारलेलेच घेतले. गाणं झकास वाजतं. फक्त जेवायच्या वेळेला एक कान उघडा ठेवतो. खोलीवर मी एकटाच राहतो, तरीही.