न सांगता धरलेलं

अभ्यासिकेत माझ्या शेजारी वैशालीताई बसतात. स्पर्धा परीक्षेचा हा त्यांचा शेवटचा प्रयत्न, कारण पुढच्या वर्षी त्या वयोमर्यादेत बसणार नाहीत. काल सराव करताना त्या एका सोप्या प्रश्नावर अडल्या. 'डॉक्टर म्हणाले, हे औषध रोज घ्या.' यात न सांगता काय गृहीत धरलं आहे?

"औषधाने गुण येतो, हे," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "आई रोज फोनवर विचारते, अभ्यास झाला का. अभ्यास केला की निवड होतेच, हे ती धरून चालली आणि मीही. आठ वर्षं तपासून पाहिलंच नाही गं."

त्या माझ्याकडे वळल्या.

"तुझे किती प्रयत्न उरलेत?"

"तीन."

"मग तू आत्ताच तपासून घे."

तपासायची रीत मला पाठ आहे. गृहीतक खोटं मानायचं आणि विधान टिकतं का ते पाहायचं. मी डोळे मिटून अभ्यासाने काही होत नाही असं मानून पाहिलं. घर सोडून इथे राहण्याला काही कारणच उरेना. मी घाईने डोळे उघडले आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.