सेटबॅकमधली न्हाणी

कॉर्पोरेशनच्या असिस्टंट इंजिनिअरनं शेजारच्या प्लॉटचं माप संपवलं आणि कंपाउंडच्या अलीकडे पाहिलं.

"मॅडम, ही खोली कसली?"

"बाथरूम," मी म्हटलं. पुढचा प्रश्न मला ठाऊक होता.

मी सिव्हिल इंजिनिअर. मूळची नाशिकची; चेन्नईत वेस्ट मांबलमला लोकांच्या घरांचे प्लॅन मंजूर करून देते. रामोजीराव माझे क्लायंट. रेल्वेतून रिटायर झालेले तंजावरी मराठी. शेजारचं घर पाडून तिथं फ्लॅट्स उठत होते. परवानगी होती, पण कॉलम प्लॅनपेक्षा पुढे सरकले होते. म्हणजे बिल्डरनं सेटबॅक खाल्ला होता. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये उजेड-वाऱ्यासाठी मोकळी सोडायची पट्टी, तो सेटबॅक.

रावांना तक्रार द्यायची होती. मी त्यांचं घर फिरून पाहिलं होतं. त्यांच्याही सेटबॅकमध्ये एक न्हाणी होती. पत्नीला, सीताबाईंना, अर्धांगवायू झाल्यावर बांधलेली. आतल्या बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जात नव्हती. इथं दार रुंद, उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडा. परवानगीही नाही.

"राव, माप घ्यायला येणारा माणूस दोन्हीकडे बघतो," मी बजावलं.

"माझी न्हाणी कुणाला आड येती, अम्मा? त्यांची भिंत उठली तर हिच्या खोलीत भर दुपारी लाईट लावावा लागंल. ही दिवसभर तिथंच पडून असती."

सीताबाई आतून अडखळत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. शेजाऱ्याशी वाद नको."

"जन्मभर नियमानं चाकरी केली," राव म्हणाले. "नियम मला काय करतील?"

त्या दिवशीच्या मापात तक्रार खरी निघाली. बिल्डरला कॉलम मागे घ्यावे लागले. त्यानंही मग लेखी तक्रार दिली, आणि रावांच्या दारावर न्हाणी पाडायची नोटीस लागली.

मी ऑफिसात जाऊन असिस्टंट इंजिनिअरला भेटले. "घरात पेशंट आहे, सर."

"पाहिलंय मी, मॅडम. पण शेजाऱ्याला एक रूल आणि यांना दुसरा, असं लिहू कसं? थोडी मुदत देतो. तेवढंच माझ्या हातात आहे."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मीही हेच लिहिलं असतं.

मी स्वयंपाकघरालगतच्या कोठीत नवीन बाथरूमचा प्लॅन काढून दिला. पण ड्रेनेजची लाइन फिरवायची होती, फरशी फोडायची होती. काम लांबलं, मुदत संपली. न्हाणी पाडायच्या आदल्या दिवशी रावांनी भिंतीचा दांडा स्वतः सोडवला आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

त्यानंतर राव आणि कामाची बाई मिळून सीताबाईंना उचलून आतल्या जुन्या बाथरूममध्ये न्यायचे. रावांच्या कमरेचं दुखणं जुनं. एकदा मी साइटवर गेले तेव्हा सीताबाईंच्या उशाशी पाण्याचा लोटा भरलेलाच होता. मला वाटलं, नुकताच भरला असेल.

मग ताप आला, लघवीचं इन्फेक्शन झालं आणि हॉस्पिटल. तिथून रावांचा फोन आला.

"डॉक्टर विचारले, पाणी किती पीत होत्या म्हणून. मला सांगता आलं नाही. कामाच्या बाईला ठाऊक होतं, अम्मा. ही पाणीच पीत नव्हती. मला उचलाया लागू नये म्हणून."

सीताबाई घरी परतल्या नाहीत.

मी गवंड्याला काम थांबवायला सांगणार होते. राव म्हणाले, "धरलंय ते पुरं करा." रुंद दाराचं बाथरूम पुरं झालं. दांडा कुठं बसवायचा, असं गवंड्यानं विचारलं, तेव्हा राव उठून बाहेर गेले.

आता कुणी शेजाऱ्याची तक्रार घेऊन आलं, की मी आधी त्यांच्याच घराची पट्टी मोजते. तिथं काही बांधलेलं असलं, तर त्याची सोय आत करून घेते; अर्ज त्यानंतर. काही जण चिडून दुसऱ्या इंजिनिअरकडे जातात. मी जाऊ देते.