भिंतीवरची कोळशाची रेघ

माझ्या हाताला काही झालं नव्हतं. हे एक वाक्य त्या वर्षी गावात बोलता आलं असतं, तर माझे सहा महिने वाचले असते. गाठ उजव्या स्तनात होती. सावलीहून मूलपर्यंत बैलगाडीनं आणि पुढे छोट्या रुळांच्या आगगाडीनं मला नागपूरला नेलं आणि तिथे ती स्तनासकट काढली. नागपूर तेव्हा राजधानी होतं, एवढं मोठं ऑपरेशन चांद्याला कुठलं व्हायला. पण चारचौघांत छातीचं नाव घ्यायचं कसं? म्हणून सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं की सुनेच्या हाताचं ऑपरेशन झालं.

एकदा सांगितलं म्हणजे तसं दिसायलाही हवं. त्यांनी जुनं लुगडं फाडून झोळी केली आणि माझा हात गळ्यात बांधला. हात हलवत राहा, असं दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी बजावलं होतं. ते मी सांगून पाहिलं.

"टाके उसवले तं कोन पाहीन? गप बस," सासूबाई म्हणाल्या.

मी बसले, हा माझा मूर्खपणा. भेटायला येणारी प्रत्येक बाई त्या धडधाकट हाताला काहीतरी चोपडून जाई. कुणी करंजीचं तेल आणलं, कुणी बिब्बा. बिब्ब्यानं फोड आले ते वेगळेच. दीड महिन्यानं झोळी सोडली तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना. खांदा आखडून बसला होता.

घास तोंडात जायचा, पण केसांपर्यंत हात पोचत नव्हता. मग रोज सकाळी सासूबाई मला पुढ्यात घेऊन विंचरायच्या. तीन लेकरांची आई मी, आणि मान खाली घालून पाटावर बसायची. अंबाडा असा करकचून बांधत की डोळ्यांत पाणी येई. मला दुसरं काही नको होतं. माझा अंबाडा मला बांधायचा होता.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत तपासणीला गेले तेव्हा नर्सबाईंनी मला आणि माझ्या नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. मग मला भिंतीसमोर उभं करून उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवायला लावली. जिथवर पोचतील तिथे खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वर जायचं. घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चुलीतल्या कोळशानं पहिली रेघ ओढली. ती माझ्या हनुवटीच्या खाली होती. पुढच्या रेघा तांदळा-तांदळानं सरकायच्या. कधी आठवडाभर जागच्या हलत नसत. काखेत ताण बसला की मी भिंतीलाच शिव्या द्यायची. घरात माझं ऐकून घेणारी तेवढी तीच होती.

दिवाळीच्या तोंडावर चामोर्शीला माहेरी दोन दिवस जाऊन आले, तर भिंत पांढरीशुभ्र. सासूबाईंनी सणासाठी पांढऱ्या मातीनं घर सारवून काढलं होतं, आणि पोतेरं म्हणून घेतली होती माझीच झोळी. तीन महिन्यांच्या रेघा गेल्या. मी त्या दिवशी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तो भिंतीवर कोळशाची एक रेघ. माझी शेवटची रेघ सासूबाईंनी लक्षात ठेवली म्हणायची, असं वाटून मी जरा निवळले.

बोटं चढवली, ती रेघेच्या चार बोटं खाली अडकली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खांदा उलटा फिरला होता. दुखणं परतलं, अशी माझी खात्रीच झाली. धाकटीला बहिणीकडे ठेवायचं, थोरल्याला चांद्याच्या शाळेत घालायचं, इथपर्यंत मी मनात ठरवून मोकळी झाले. कुणाला बोलले नाही, पण भिंत सोडली नाही. जाता जाता निदान ती रेघ तरी गाठायची होती.

पंधराएक दिवसांनी एका सकाळी मधलं बोट रेघेला टेकलं. सासूबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, बाई, जुन्या जागी पोचला एकदाचा हात. त्यांनी मान वर केली नाही.

"जुनी जागा मले कुठी आठवते? माहा हात जेथवर गेला तेथवर वढली रेघ. म्हातारीचा जाते, तं तुहा काऊन नाई जानार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा दिवस मी मरणाची तयारी करत होते, आणि यांनी आपल्या उंचीनं रेघ ओढून ठेवली होती. त्याच रागात मी सुटलेले केस दोन्ही हातांनी मागे ओढले, पिळा दिला आणि गाठ मारली. मारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की अंबाडा बांधला गेलाय.

वाकडा होता, सैलही होता. सासूबाई उठून जवळ आल्या. नीट करायला त्यांनी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेऊन पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.