सणासुदीला येणारी आक्का

आक्काच्या छातीला कान लावला की ठोक्यांच्या मधे चाळणीतून पीठ पडल्यासारखा आवाज यायचा. सर्र, सर्र. "दळण चालू हाय आत," म्हणायची आणि मला ढकलून द्यायची. आक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण.

लहानपणी तिचा घसा धरला, मग सांधे सुजले. आज गुडघा, उद्या मनगट. घरच्यांनी वात समजून शेकलं. सूज उतरली, पण दुखणं हृदयाच्या झडपेत जाऊन बसलं. घसा पुन्हा धरू नये म्हणून जालन्याच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन लावून दिलं. ते घेतलं की आक्का लंगडायची. "कमरंत खिळा ठोकला मेल्यानं!"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तिचा आजार वर्गात शिकले, त्याच दिवशी एसटी धरून घर गाठलं. ती शेंगा सोलत होती.

"आक्का, अँटिबॉडी म्हणजे रक्तातले राखणदार. घशातल्या जंतूला मारायला निघाले. पण जंतूचा अन् तुझ्या झडपेचा तोंडवळा सारखा, म्हणून झडपेलाच झोडपलं. घसा धरला की पुन्हा तेच."

"म्हंजे माहेच राखणदार मलाच मारून राह्यले?" ती हसली. "अन् निघाले व्हते भलं करायला!"

जाफराबादचं स्थळ आलं तेव्हा काकूनं, तिच्या आईनं, सगळ्यांना बजावलं, "इंजेक्शनाचं नाव काढायचं न्हाई. पोरगी जन्माची घरात राहील."

लग्नानंतर आक्का इंजेक्शनासाठी सणाला माहेरी यायची. पण सण काही तीन आठवड्यांनी येत नाहीत. मग ती कारणं काढायची. "मायला मी इतक्यांदा आजारी पाडलं, तिला कळलं तर झाडूनं मारंल," सांगताना स्वतःच खुदखुदायची.

सोयाबीनच्या सुगीत मात्र सासरचे सोडेनात. इंजेक्शनं चुकली. मी फोनवर भांडले, "दाजींना सांग ना!"

"न्हाई गं. दुखणाईत बाई कोणाला पाहिजे? आणून सोडतील."

दिवाळीला दाजींसोबत आली ती गळ्याला फडकं गुंडाळून. पाय सुजलेले, उंबऱ्यातच दम लागलेला. तिला तशीच जालन्याला नेली.

दवाखान्याच्या बाकावर मी दाजींना सगळं सांगितलं. काकू शेजारीच उभी होती. दाजींनी विचारलं,

"हे इंजेक्शन जाफराबादला भेटतं का?"

"भेटतं."

"सरकारी दवाखाना आमच्या ओट्यावरून दिसतो," ते म्हणाले. "मीच नेलं असतं की."

आता तेच नेतात, मोटारसायकलवर, एकदाही न चुकता. पण झडप बदलावी लागणार, असं डॉक्टर म्हणतात, आणि दळणाचा आवाज वाढलाय.

त्या दिवशी दवाखान्यात मी काकूला तोंडावर बोलणार होते. खाटेवरून आक्कानं माझं मनगट धरलं. बोलताना तिला धाप लागत होती.

"तिला काई बोलू नको. राखणदारच हाय ती माही."